केसातला कापूस

"या पाच जणींना आत सोडू नका. डोक्यात लिखा आहेत."

होस्टेलच्या रेक्टर मॅडम हे माझ्याकडे बघून बोलल्यासुद्धा नाहीत. वॉचमनला म्हणाल्या. बाजूला बाकीच्या मुली गाड्यांतून उतरत होत्या, त्यांच्या आया सुटकेसी काढून घेत होत्या. सगळ्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. एकीनं आपल्या लेकीला दंडाला धरून पलीकडे ओढलं. ते ओढणं मी अजून विसरलेले नाही.

मी तेव्हा भिवंडीजवळ शेलार गावच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. दोन हजार सहा-सातचा मे महिना असेल. पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजनं दहावीची परीक्षा दिलेल्या मुलींसाठी उन्हाळी वर्ग ठेवला होता. आधी कॉलेज दाखवायचं, मग होस्टेलवर राहून शिकायचं. आमच्या पाच मुली निवडल्या गेल्या. परीक्षा देऊन निवडल्या गेल्या, कुणाच्या मेहेरबानीनं नाही. त्यांना पोचवायला मी गेले होते.

त्यातली एक सुरेखा. तिच्यासाठी मी तिच्या घरी चपला झिजवल्या. बाप लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, आई सुताच्या कांड्या भरायची, घर म्हणजे लूमच्या शेडला लागून एक खोली. बाप ऐकतच नव्हता. शेवटी म्हणाला, "नेता तं न्या, बाई. पन कायबी कमी-जास्त झाला आनि पोर परत आली, तं पुना न्हाय सोडनार. तिच्या लग्नाचा बघायचा हाय." म्हणजे हा वर्ग पार पडला तर अकरावी. नाहीतर मांडव.

निघायच्या दिवशी आईनं तिच्या डोक्यावर खोबरेल चोपडलं आणि घट्ट दोन वेण्या घातल्या. मोठ्या लोकांत जायचं ना! आमच्याकडे कोरडं डोकं घेऊन कुणी चार माणसांत जात नाही. आणि शेडमधून उडणारा कापूस त्या तेलावर बसला. तो आम्हाला दिसतच नाही. आमच्या भाकरीवर असतो, पापण्यांवर असतो. "माजी पोर तुमच्या पदरात घातली हाय, सांभाला," आई म्हणाली. मी हो म्हटलं.

सकाळी कॉलेज बघताना काय खुश होती पोर! प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली कसलासा धागा ठेवला होता. हिनं डोळा लावला आणि किंचाळली, "बाई, ह्यो तं कापूस! पीळ दिसतोय बघा!" आमच्याबरोबर फिरणारे प्राध्यापक हसले, शाबास म्हणाले. ती दुपारपर्यंत त्या शाबासकीवरच चालत होती.

आणि दुपारी हे. लिखा.

मी सुरेखाच्या वेणीतून एक पांढरा कण काढला, रेक्टरबाईंसमोर धरला, फुंकर मारली. उडाला. म्हटलं, "लिख अशी उडते का? हा कापूस आहे. आम्ही लूमवाली माणसं."

"ओरडू नका. हे मार्केट नाही."

मी ओरडत नव्हते हो. आमचा आवाजच एवढा. खटखट चालणाऱ्या लूमशेजारी वाढलेला माणूस हळू कसा बोलणार?

रेक्टरबाई काचेच्या ऑफिसात गेल्या. आत सकाळचेच प्राध्यापक बसले होते. दार लागलं. त्यांना वाटलं, आता बाहेर काही ऐकू जात नाही. खरंच जात नव्हतं. पण लूम चालू असताना आम्हालाही काही ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठ बघून बोलतात. माझा बाप लूमवरच बहिरा झाला. मी पोरवयापासून त्याच्याशी नुसत्या ओठांनी बोलत आले. आमच्या गल्लीत हे कुणी कुणाला शिकवत नाही, आपोआप येतं.

रेक्टरबाईंचे ओठ म्हणाले, "असल्यांना कशाला बोलावता? होस्टेल बाटवतील सगळं."

प्राध्यापक हसले. सकाळी हसले होते तसेच. "राहू द्या. दोन दिवसांत आपणहून पळतील."

मी सुरेखाकडे पाहिलं. ती काचेकडे बघत होती. तिनंही वाचलं होतं.

दार उघडलं. बाई गोड हसून म्हणाल्या, "या हं मुलींनो. फक्त तुमची खोली वेगळी असेल. आणि उद्या डोक्याला औषध."

माझं डोकं फिरलं. अंगाची नुसती लाही झाली. म्हटलं, "मॅडम, आत काय बोललात ते इथे बोला. बाटवतील म्हणालात ना?" बाईंचा चेहरा उतरला. प्राध्यापक फाईल चाळायला लागले. मी म्हटलं, "तपासायची तर इथल्या सगळ्या मुलींची डोकी तपासा. नाहीतर माझ्या एकाही मुलीच्या केसाला हात लावायचा नाही. आणि खोल्या सगळ्यांबरोबर." सगळ्या आया ऐकत होत्या. बाईंना कबूल व्हावं लागलं.

चौघी आत गेल्या. सुरेखा जागची हलली नाही.

"बाई, तुमी भांडलात, बरा केलात. पन मी न्हाय रहायची. त्या रोज ग्वाड बोलतील आनि काचेच्या आतला बोलना मना रोज दिसल."

"अगं, बाबा पुन्हा सोडणार नाहीत."

"म्हाईत हाय."

मी विनवलं. हात जोडले, सोळा वर्षांच्या पोरीपुढे. ती रडलीसुद्धा नाही. एसटीत खिडकीला बसली, वेण्या सोडल्या आणि केसांतला कापूस नखानं एकेक काढून बाहेर टाकत राहिली. भिवंडीजवळचा मानकोली नाका आला तरी तिचं काढणं संपलं नव्हतं. दारात आई म्हणाली, "केस का गो सोडलस?" मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तिच्या लग्नाला मी गेले. शेजारच्या शेडमधले लूम त्या दिवशीही चालू होते. गजऱ्याशेजारी, तेलावर, कापूस बसला होता. मी तो झटकला नाही. काळीज तुटत होतं, पण झटकला नाही.

सुरेखा माझ्या पदरात घातली होती. ती मी गमावली. हे दुःख जाणार नाही आणि जायलाही नको.

मी मुली न्यायची थांबले नाही. आयांना सांगते, तेल लावा, चांगलं चोपडून लावा. मुलींना पोचवून लगेच निघत नाही. ऑफिसच्या काचेसमोर उभी राहते, आत बघत. तिथे ओठांवर जे वाचेन ते मी मोठ्यानं म्हणणार, सगळ्यांच्या आयांसमोर, लूमच्या आवाजात.