शेवटच्या पानावरचं 'जाते'

थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या कादंबरीवर सिनेमा निघाला तेव्हा मी चांगली चाळिशीची होते, अक्कल मात्र सोळाची. नांदेडच्या टॉकीजमध्ये ठेवणीतली साडी नेसून गेले आणि अंधारात शेजारच्या अनोळखी बाईला सांगत बसले, ही आमच्याच घरची गोष्ट हाय म्हणून. जसं काही कादंबरी मीच लिहिली होती.

गोष्ट आमच्या मधल्या बहिणीची. पंधराव्या वर्षी तिला जळकोटकडं दिली. उंबऱ्यावर ती 'येते' म्हणाली. आपल्यात निघताना 'जाते' म्हणत न्हाईत, अशुभ असतं. पहिल्याच बाळंतपणात मधली गेली. अक्काची कादंबरी त्या एका शब्दावर संपत होती: 'येते.'

सिनेमातली पोरगी मात्र लग्नाच्या आदल्या दिवशी पिशवी उचलते, आईच्या डोळ्यांत बघते आणि म्हणते, "जाते." लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी तर बांगडी फुटेस्तोवर टाळ्या पिटल्या. अक्का पडद्यावरची नजर न काढता बोलली, "आपल्या घरात असं कोण म्हणतंय गं?"

पेपरातल्या समीक्षकांनी तोच शब्द डोक्यावर घेतला. मग कादंबरीची नवी आवृत्ती आली. वर नटीचा फोटो, आत शेवटी 'जाते'. अक्काला कुणी विचारलं सुद्धा न्हाई. त्यानंतर सहीसाठी पुस्तक आलं की ती आधी शेवटचं पान काढायची, 'जाते' खोडून 'येते' लिहायची, मगच सही. मरेपर्यंत तेवढंच करत राहिली.

औंदा लातूरच्या एका कॉलेजात त्या सिनेमावर कार्यक्रम झाला. अक्का आता न्हाई, म्हणून तिच्या बहिणीला, मला बोलावलं. एका पोरीनं पुस्तक पुढं केलं. मी अक्कासारखंच शेवटचं पान काढलं, पेन टेकवला. पोरीनं पानावर हातच ठेवला.

"आजी, तेवढं नका खोडू. घरी माझं लग्न जमवून राहिलेत."

"मग म्हणशील का असं?"

"अजून हिंमत न्हाई. वाचते नुसतं."

मी पेन उचलला. पहिल्या पानावर सही केली, तीही वाकडी.

मधलीला असं म्हणता आलं असतं तर, हे अक्काच्या मनात कधी आलं असेल का? विचारू कुणाला? मधलीचं 'येते' कानांनी ऐकलेली आता मी एकटीच उरले, आणि मला हल्ली लई कमी ऐकू येतं.