चाफ्याजवळची जागा

देवाच्या घरात उभं राहून माणूस खोटं बोलत नाही. मी बोललो आहे. माइक बिघडलेला होता म्हणून दोनदा बोललो.

हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही – राहेलला हे तुमच्याबरोबरच कळेल. मी लोणावळ्यातला निवृत्त शिक्षक, आमच्या चर्चच्या मंडळीत वडील म्हणून नेमलेला. वडील म्हणजे काय? पहिल्या बाकावर बसायचं, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट – येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला – घेऊन बाकाबाकांतून फिरायचं. विश्वासाचा पुरावा कुणी मागत नाही. स्वच्छ सदरा चालतो.

काही वर्षांपूर्वी राहेलच्या हृदयाचं ऑपरेशन पुण्यात ठरलं. त्याच आठवड्यात, त्याच इस्पितळात आमच्याच मंडळीतला शामुवेल होता – रेल्वेतला गँगमन, मूत्रपिंडं गेलेली. त्याची बायको सुशीला खंडाळ्याच्या एका बंगल्यात साफसफाई करते. तेव्हा खंडाळ्यात एक पाहुणे प्रचारक शिबिरासाठी आले होते. एसी गाडी, कॉलरला छोटा माइक, दोन मदतनीस. एक मदतनीस फक्त पाण्याची बाटली धरायला. त्यांनी दोघा रुग्णांसाठी एकच वचन दिलं – बरे होण्याचं. आणि वर अट घातली : एका क्षणाची शंका, की वचन नासलं. दुधात मिठाचा खडा पडल्यासारखं.

ही अट येशूनं कुठे घातली होती? शुभवर्तमानात एका आजारी मुलाचा बाप येशूसमोर एका दमात कबूल करतो, की विश्वास आहे आणि नाहीही, जो नाही त्याचं तूच बघ. त्याला कुणी हाकललं नाही. मुलगा बरा झाला. हे मला तोंडपाठ होतं. मुलांना शिकवलेलं होतं. त्या सभेत मी मान डोलावली.

ऑपरेशनच्या सकाळी मी काय केलं? प्रार्थना केली, असं सगळे समजतात. मी कँटीनमध्ये गेलो, चहा घेतला, आणि लोणावळ्याच्या कब्रस्तानाच्या राखणदाराला फोन केला. माझ्या वडिलांच्या कबरीशेजारची, चाफ्याजवळची जागा मोकळी आहे का? तो म्हणाला, ठेवतो. मी आभार मानले. देवाशी त्या दिवशी मी बोललोच नाही. राखणदाराशी बोललो.

राहेल वाचली. घरी आली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी शामुवेल गेला.

आणि पुढच्या रविवारी साक्षीची वेळ आली. आमच्याकडे देवानं काही चांगलं केलं की उभं राहून सांगायची रीत आहे. सगळे माझ्याकडे बघत होते. मी उठलो आणि म्हणालो, "मी क्षणभरही शंका घेतली नाही." मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू आलं नाही!" मी पुन्हा म्हणालो. जरा जोरात.

उपासनेनंतर सुशीला पायरीपाशी थांबली होती.

"भाऊ, खरंच एकदाबी आली न्हाई शंका?"

"नाही."

"मला आलती," ती म्हणाली. "एकदाच. टेशनापून इस्पितळात रिक्षानं जाताना."

एवढंच. तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं – लगेच कळलं होतं. त्या बापाची गोष्ट जिभेवर होती. पण ती सांगायची तर आधी माझं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, देव सांत्वन करील. आणि चपला शोधायला लागलो.

पुढच्या प्रभुभोजनाला मी ताट तिच्यापुढे धरलं. तिनं मान हलवली आणि ताट शेजारणीकडे सरकवलं. प्यालाही तसाच. तेव्हापासून दर महिन्याला तसंच. ती येणं मात्र चुकवत नाही, मागच्या बाकावर बसते. वचन खरं होतं, आपणच ते नासवलं, नवरा मारला, म्हणून भाकरीला हात लावायचा नाही – हा निवाडा तिनं स्वतःला दिला होता. आणि निवाडा माझ्या साक्षीवर उभा होता. चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे, "बहीण आत्मपरीक्षण करते आहे." आत्मपरीक्षण! ज्यानं करायला हवं होतं तो ताट धरून उभा होता.

त्या प्रचारकांनी माझी साक्ष उचलली. मावळभर सांगितली. वराळ्याच्या एका सभेत मी स्वतःच ती ऐकली. तोवर त्यांच्या गोष्टीत मी ऑपरेशन थिएटरबाहेर गीतं गायला लागलो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

गेल्या महिन्यात मी खंडाळ्याला गेलो. सुशीला बंगल्यामागे चादरी वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. ती चादर झटकत राहिली.

"म्हंजी बायको जित्ती असताना जागा बघितलीत?"

"हो."

"कुटली?"

"वडिलांच्या शेजारची. चाफ्याजवळ."

ती थांबली. "तितं तर आमचे हे हायेत."

मला ते ठाऊक होतं. राहेल घरी आल्यावर मीच फोन करून ती जागा सोडली होती. शामुवेलवर माती टाकताना मी त्या चाफ्याकडे बघितलंही नव्हतं.

"मंग देवानं तुमाला दिलं आन् मला न्हाई, ते कशापायी?"

"मला ठाऊक नाही, सुशीलाबाई."

"न्हाई ना ठाव? मंग इतकी वर्सं ताट घेऊन ठाव असल्यावानी कशाला फिरलात माज्याम्होरं?" तिनं चिमटा लावला. "मला हितं चादरीआड सांगू नगा. जितं उभं ऱ्हाऊन बोललात, तितं सांगा."

मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, साक्ष आशीर्वादाची असते. असल्या गोष्टींनी दुबळ्यांना ठेच लागते, खाजगीत प्रार्थना करू. कोण दुबळे? ठेच लागायची ती कधीच लागून गेली आहे, आणि ती बाई त्या पायानं दर रविवारी चालत येते. देवाच्या वचनावर आमच्या मंडळीत कुणी भरवसा ठेवला असेल तर तिनं, शंकेसकट. मी ठेवला तो राखणदारावर.

वडीलपणाचा राजीनामा दिला आहे. येत्या रविवारी साक्षीच्या वेळी मी उठणार आहे, परवानगी असो वा नसो. सुशीला भाकर घेईल की नाही, हा तिचा प्रश्न. माझ्या उठण्यानं तिचा नवरा परत येत नाही.

दोनदा सांगावं लागेल. ती मागच्या बाकावर बसते, आणि माइक अजून दुरुस्त झालेला नाही.