जळकोटच्या स्थळापायी कापलेल्या पापण्या

माझ्या वरच्या पापण्या डोळ्यांवर अर्ध्यापर्यंत लोंबायच्या आणि खाली फुगलेल्या पिशव्या. वडिलांचेही डोळे तसेच होते. बेंबळीच्या शाळेत मी कारकून. पोरं माघारी मला 'टुल्लसाहेब' म्हणायची. मी उभ्या जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही, तेव्हा पोरांचं बोलणं कशाला मनाला लावून घ्यायचं?

लावून घ्यावं लागलं ते जळकोटचे लोक मुलीला बघायला आले तेव्हा. पोहे झाले, मुलगा आणि मुलगी गच्चीवर जाऊन बोलून आले, सगळं झकास. मुलाचा चुलता तेवढा सारखा माझ्या तोंडाकडं बघत होता. चार दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला, "चुलते म्हणत्यात, पोरीचा बाप घेतो. भर दुपारी डोळं चढल्यालं व्हतं."

उचलली जीभ, लावली टाळ्याला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बायको म्हणाली, जाऊ द्या. मुलगी उठून गच्चीवर गेली. त्या माणसाला त्याच्याच दारात खोटं पाडायचं, हे मी त्या दिवशीच ठरवलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी चिकटपट्टीनं माझी पापणी वर उचलून धरली आणि म्हणाले, "कातडी पार बुबुळावर आलीय, तुम्हाला दिसतं तरी कसं?" भूल डोळ्यांपुरतीच होती. कातडी कापताना ओढ जाणवत होती आणि मी मनातल्या मनात चुलत्याला शिव्या घालत होतो. खालच्या पिशव्यांतली चरबीही काढली. नंतर आठवडाभर तोंड असं काळंनिळं, की बघणाऱ्यानं म्हणावं, पिऊन मार खाऊन आलाय. गार पाण्याच्या पट्ट्या मुलगीच ठेवायची.

टाके निघाले, सूज उतरली. जळकोटला निघालो त्या दिवशी शर्टाला इस्त्रीही तिनंच केली. "आण्णा, तिथं भांडू नका," एवढंच म्हणाली.

चुलत्याचं हायवेला खताचं दुकान. त्यानं मला ओळखलंच नाही. गिऱ्हाईक समजून चहा मागवला. मीही हवापाण्याचं बोलत बोलत घरच्यांची चौकशी केली.

"पुतण्याचं जमंना बघा," तो म्हणाला. "बेंबळीची एक पोरगी लई चांगली व्हती, पर बाप बेवडा."

"त्यो बाप म्याच. आता बघा नीट."

त्याच्या हातातला कप हातातच राहिला. मग गडी पार वरमला, हात जोडायला लागला. "चुकलं पावणं. पोरगं आजून तिचंच नाव काढतंय. उद्याच येतो, सुपारी फोडू."

ह्याच घटकेसाठी मी पापण्या कापून घेतल्या होत्या.

"न्हाय," मी दुकानभर ऐकू जाईल असं म्हणालो. "चुलता बघून आमी स्थळ सोडतो."

एसटीत बसायला जागा नव्हती. तुळजापूरपर्यंत मी उभा होतो आणि एकटाच हसत होतो. सूड इतका गोड लागतो हे मला साठीला टेकल्यावर कळलं.

घरी सगळं रंगवून सांगितलं. हात जोडल्याचं तर दोनदा. बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती.

"ते अजून माझं नाव काढतात, असं म्हणाले?" तिनं विचारलं.

"व्हय. मग मी काय म्हणालो..."

"आण्णा," ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही जमवायला चाललाय."