पुढचं डावं चाक

आमच्या बाबांचं एक लाडकं वाक्य होतं: ‘जबाबदारी निश्चित झाली पाहिजे.’ उभी हयात सरकारी कचेरीत गेल्यामुळे निवृत्तीनंतरही ते वाक्य त्यांच्या तोंडी राहिलं. घरात दूध नासलं तरी जबाबदारी निश्चित व्हायची. बहुतेक वेळा ती आईवर यायची आणि आई ती मुकाट्यानं घ्यायची, कारण वाद घालायचा तिला कंटाळा होता. आम्ही पोटभर हसायचो त्यावर.

बायपासच्या पलीकडं बाबांनी प्लॉट घेतला तेव्हा तिथं बाभळी होत्या आणि ‘पाइपलाइन येतेच आहे’ असं सांगणारा एक दलाल होता. बाभळी गेल्या, दलालही गेला, घरांना घरं लागली, अपार्टमेंटं उठली. पाइपलाइन तेवढी आली नाही. दुष्काळाच्या त्या वर्षांत गावात ज्यांच्या घरी नळ होते त्यांनाही आठवड्यातून एकदा पाणी मिळायचं, मग आमची काय कथा. आमच्याकडं टँकर यायचा, कुठल्यातरी बोअरचं मचूळ पाणी घेऊन. त्या पाण्याचे थेंब वाळले की पांढरे डाग राहायचे. बादलीवर, फरशीवर, चहाच्या पातेल्यात, सगळीकडं तोच पांढरा थर. फरशीचा थर काढायला आई न्हाणीघरात ॲसिडची बाटली ठेवायची.

निवृत्तीनंतर बाबांनी गाडी घेतली होती, अलॉय व्हीलची. चालवायला शिकताना त्यांनी स्वतःच्याच गेटला दोनदा धडक दिली आणि मग मान खाली घालून ड्रायव्हर ठेवला. हा मुलगा फुलंब्रीजवळच्या एका वस्तीवरचा. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती. चारा संपला तशी त्यांनी ती विकली आणि हा शहरात गाडी चालवायला आला. आम्हाला तो बाबा, आई, ताई म्हणायचा. गाडी तो चालवायचा, पण तिची निगा राखायचं काम बाबांनी स्वतःकडं ठेवलं होतं. रविवारी सकाळी लुंगी वर खोचून ते गाडीपाशी बसायचे, तेव्हा त्यांना हाक मारलेलीही चालत नसे.

अपघात झाला तो फुलंब्रीहून परतताना. आईच्या मावसबहिणीकडं बारसं होतं. मी कामावर होते, म्हणून गेले नाही. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं. दोन्ही बाजूंची झाडं तोडलेली, एक बाजू खणलेली, आणि भर दुपारची धूळ. मागं बसलं की आईला मळमळायचं, म्हणून ती पुढं डावीकडं बसली होती. बाबा मागं झोपले होते. एका खड्ड्यातून गाडी गेली, खटकन आवाज झाला आणि पुढचं डावं चाक तुटलं. गाडी खणलेल्या चरात डाव्या अंगावर गेली. बाबांना खरचटलं, ड्रायव्हरच्या कपाळाला टाके पडले. आईचा मणका मोडला. त्यानंतर ती चालली नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबांनी जे केलं ते आठवलं की अजून माझं डोकं तापतं. ड्रायव्हरची बायको कडेवर लहान मुलगी घेऊन धावत आली होती. बाबा त्याला म्हणाले, “पोरीच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग. डोळा लागला होता का तुझा?”

त्यानं हात ठेवला. “नाय बाबा. जागा व्हतो मी. खड्डा लई मोठा बी नव्हता. खटकन आवाज आला अन् स्टेअरिंग हातात ऱ्हायलंच नाय.”

बाबा माझ्याकडं वळून म्हणाले, “असे हात ठेवणारे नोकरीत खूप बघितले मी.” त्याच संध्याकाळी त्यांनी पोलिसांत तक्रार दिली: ड्रायव्हर झोपला होता. स्वतः घोरत असलेल्या माणसानं ही साक्ष दिली आणि ती नोंदवूनही घेतली गेली. विम्याचा माणूस येऊन खड्डा बघून गेला. ठेकेदाराच्या मुकादमानं सांगितलं की पाटी लावलेली होती. गाडी विकणाऱ्यांनी सांगितलं की खड्ड्यात आदळलं तर चाक तुटणारच. सगळ्यांची बोटं फिरून फिरून त्या एका पोरावर येत होती, कारण उलट न बोलणारा तेवढा तोच होता.

मी वाळूजला एका प्रयोगशाळेत काम करते. कारखान्यांतून तुटलेले शाफ्ट, दात गेलेले गिअर आमच्याकडं येतात आणि ते का तुटले हे आम्ही सांगतो. तरी त्या चाकाकडं बघायचं मला सुचलं नाही. आईला कुशीवर वळवणं, तिच्या पाठीला जखमा होऊ न देणं, यातच दिवस जायचा. नंतर गाडी परत मिळाली तेव्हा चाकाचे तुकडे पोत्यात घालून बाबांनी जिन्याखाली ठेवले. पुरावा म्हणून.

एका रविवारी ड्रायव्हर आईला बघायला आला. बाबा उठून आतल्या खोलीत गेले. आईच्या पायाशी तो बराच वेळ बसून राहिला. निघताना फाटकापाशी मला म्हणाला, “झोपलो असंल ताई मी.”

“तू तर शपथ घेतलीस.”

“तेच ना. पापणीभर लागला असंल डोळा, कुणाला म्हाईत. पोरीला ताप आला अन् उतरंच ना. बायकू म्हनली, खोटी शपथ घेतली तुमी, लेकरावर आली. पोरीला घिऊन देवगावला गेली म्हायेरी. मला पोरीला हात लावू देईना.” मग म्हणाला, “आता मलाच खरं वाटाया लागलंय.”

मला त्याची दया आली आणि त्याहून जास्त राग आला, की या माणसानं स्वतःच्या जागेपणावरचा विश्वासही सोडून द्यावा. दुसऱ्याच दिवशी ते पोतं मी प्रयोगशाळेत नेलं.

तुटलेला धातू खोटं बोलत नाही, एवढाच काय तो माझ्या कामातला आनंद. चाक एका दणक्यात तुटलं असेल तर सगळा तुटका भाग ताजा, चमकदार दिसतो. इथं एका आऱ्याच्या मुळाशी, आतल्या अंगाला, निम्म्याहून जास्त भाग काळवंडलेला होता. म्हणजे तडा जुना होता आणि रोज थोडा थोडा सरकत होता. उरलेला चमकदार भाग फक्त शेवटच्या दिवसाचा. खड्ड्यानं शेवटचा धक्का दिला, एवढंच. तडा जिथून सुरू झाला तिथं रंग खरवडलेला होता आणि धातूला बारीक बारीक भोकं पडली होती, कीड लागल्यागत. ती भोकं कशाची, हे कळायला मला मशीनची गरज नव्हती. तरी मी मशीनवर तपासलं. ॲसिड होतं. चाकाच्या बाहेरून ओघळून आतल्या खोबणीत साचलेलं, पाण्यानं कधी पुरतं धुतलं न गेलेलं.

मी स्टुलावर बसून राहिले. रविवारची सकाळ डोळ्यांसमोर आली: बाबांच्या हातात तारेची घासणी, शेजारी न्हाणीघरातली बाटली, आणि चाकावरचे पांढरे डाग जाईपर्यंत चाललेलं घासणं. मग एक तांब्या पाणी. एकच, कारण दुष्काळात गाडीवर बादली ओतणाऱ्या शेजाऱ्याशी ते भांडलेले होते. बाकीची तीन चाकंही मी मागवून बघितली. तिन्हींना तीच भोकं होती.

घरी येऊन आधी आईला विचारलं. बाटली चाकांना वापरायचे का, एवढंच विचारलं मी, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिला सगळं समजलं.

“मीच म्हटलं होतं त्यांना,” ती म्हणाली. “फरशीचे डाग जातात तर चाकाचे का नाही जाणार.” मग म्हणाली, “ठेकेदारावर टाक की सगळं. तो पोरगाही सुटेल. ठेकेदार कुठं आपल्याला ओळखतो?”

“आई, खड्ड्यानं नाही तुटलं ते.”

“मला कळलं ते. पण ह्यांना नको सांगू. मी नाही चालले तरी चालेल, पण हे नाही सहन होणार त्यांना.”

त्या संध्याकाळी मी खरंच विचार केला तसं करायचा. ठेकेदारानं रस्त्याची वाट लावलीच होती, त्याच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नव्हती. सोय सगळ्यांची होत होती. पण मग देवगावच्या त्या बाईला कोण काय सांगणार होतं? खड्डा होता हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. नवरा जागा होता की नाही, एवढंच तिला माहीत नव्हतं. आणि जाग्या माणसालाही ते चाक सावरता आलं नसतं, हे त्या तड्याशिवाय सिद्ध होत नव्हतं.

मी बाबांसमोर टेबलावर त्या आऱ्याचे दोन्ही तुकडे ठेवले आणि सांगितलं. बाटलीची कल्पना आईची होती, तेवढं मात्र मी काढलं नाही. त्यांनी चष्मा लावला, काळ्या भागावरून बोट फिरवलं, मग चमकदार भागावरून.

“खड्डा नसता तर?”

“मग पुढच्या कुठल्यातरी गतिरोधकावर तुटलं असतं, बाबा.”

त्यांनी तुकडे एकमेकांना जुळवून बघितले. मग म्हणाले, “मी पाणी वाचवत होतो गं.” त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी रडले. ते रडले नाहीत.

त्यांनी जे करायचं ते सगळं केलं, हे मी मान्य करते. पोलिसांत जाऊन जबाब बदलला, माझा अहवाल जोडला. वेळ लागला, पण ते प्रकरण मिटलं. मग मला सोबत घेऊन एसटीनं देवगावला गेले. ड्रायव्हरच्या सासऱ्याच्या अंगणात, चार माणसांदेखत, उभं राहूनच म्हणाले, “त्याची शपथ खरी होती. तो जागा होता. चूक माझ्या हातची आहे.”

ड्रायव्हरची बायको दारात उभी होती. म्हणाली, “आता सांगता व्हय, बाबा?” बाबा खाली बघत राहिले. आम्हाला कुणी बस म्हणालं नाही आणि ते बरोबरच होतं. महिन्याभरात ती मुलीला घेऊन नवऱ्याकडं परतली. तो आता एका कंपनीची बस चालवतो. आमच्याकडं नाही आला परत, आम्हीही बोलावलं नाही.

गाडी बाबांनी भंगारात दिली. पाऊस नंतर झाला, बोअरला पाणी आलं, वसाहत आणखी वाढली. आईचं सगळं आता बाबाच करतात. उठवतात, अंग पुसतात, खुर्चीत बसवून गच्चीच्या दारापाशी नेतात. एवढं करणारा नवरा आमच्या नात्यात दुसरा नाही, असं येणारे-जाणारे म्हणतात.

परवा मी तिचे केस विंचरत होते. बाबा शेजारच्या खोलीत तिच्या चादरी घडी करत होते. आई हळूच म्हणाली, “तू केलंस ते बरोबर केलंस. त्या पोराचं घर वाचलं.”

मी वेणीचे पेड घालायला घेतले.

“पण त्या दिवसापासून हे माझ्याकडं बघत नाहीत गं,” ती म्हणाली. “भरवतात, तेव्हासुद्धा चमच्याकडं बघतात.”