अर्धीवहिनी

सगळी इमारत तिला अर्धीवहिनी म्हणायची, आणि तिला ते ठाऊक होतं. राग येणं दूरच, उलट मान जरा ताठ व्हायची.

ती एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर बसायची. दिवसभर दुसऱ्यांच्या टोपल्या रिकाम्या करायच्या, म्हणजे रोज नवा धक्का. धुऊन चिरलेल्या गाजराची डबी दुप्पट भावाने नेणारी माणसं बघून तिचे डोळे पांढरे व्हायचे. एकावर एक फुकट म्हणून कुणी शांपूच्या बाटल्यांचा ढीग पुढे केला, की 'अहो, तेवढे केस तरी आहेत का डोक्यावर,' असं तिच्या अगदी ओठांवर यायचं. पण नोकरी होती, म्हणून ती गिळायची आणि घरी येऊन ओकायची.

"बाबा, आज काय पाहिलं, विचारूच नका," ती चपला काढता काढता म्हणायची.

बाबा म्हणजे सासरे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दुकान केव्हाच विकलं, पण खिडकीपाशी टेबल मांडून ओळखीपाळखीच्यांची घड्याळं अजून उघडायचे. सासूबाई नव्हत्या, नवरा माल पोचवायच्या गाडीवर दिवसदिवस बाहेर. तेव्हा घरात बोलायला ही दोघंच. बाबा डोळ्याचं भिंग काढून ठेवायचे आणि मन लावून ऐकायचे. "चिरलेलं गाजर? काय सांगतेस, सूनबाई," म्हणायचे आणि दोघं मिळून त्या गाजरावर हळहळायची.

तिचं नाव पडलं ते तिच्या नियमामुळे. डब्यावर लिहिलेलं माप कंपनी स्वतःचा माल खपावा म्हणून लिहिते, असं तिचं ठाम मत. म्हणून तिच्या घरात सगळं निम्मं. कपड्यांची पावडर निम्मी, भांड्यांच्या साबणात तेवढंच पाणी, पेस्ट वाटाण्याएवढी. आणि खरं सांगायचं तर कपडे स्वच्छ निघायचे, भांडी लख्ख निघायची. तिच्यात खोट काढायची कुणाची टाप नव्हती. त्या निम्म्यावरच तिने घराचे हप्ते फेडत आणले होते आणि नवऱ्याचं काम सुटलं होतं तेव्हा घर उपाशी राहू दिलं नव्हतं. बाबांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. सुनेचा शब्द त्यांना प्रमाण होता.

बाबांना काचबिंदू निघाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले. रोज झोपताना, दोन्ही डोळ्यांत एकेक, कायमचे. बाटली एवढीशी, पण किंमत हिने दोनदा विचारून घेतली. ती महिनाभर पुरायची. मग एकदा ती दोन महिने पुरली.

हिच्या ते लक्षात आलं नाही असं कसं होईल? त्या घरात काडेपेटीतली काडीसुद्धा हिच्या नजरेतून सुटत नव्हती. शेजारीण आली होती, तिच्यासमोर ती बाटली धरून म्हणाली, "शिका जरा आमच्या बाबांकडून. हात बघा केवढा स्थिर, एक थेंब इकडेतिकडे जात नाही." बाबा खिडकीपाशी लाजून हसले. त्यानंतरची प्रत्येक बाटली दोन महिने पुरली.

तपासणीचं निघालं की ते म्हणायचे, "कशाला उगाच? केसाएवढा स्क्रू दिसतोय मला." दिसतही होता. आणि तपासणीची फी वाचली म्हणून हिला बरंच वाटायचं.

मग कप फुटला. टेबलाच्या कडेला चहा ठेवला होता, बाबांनी कोपर फिरवलं आणि कप खाली. सवलतीत घेतलेल्या सेटातला तो कप. "एवढा मोठा कप दिसला नाही का, बाबा?" ती फणकारली. बाबा तुकडे गोळा करायला वाकले, तर बाजूचे तुकडे तसेच राहिले. पुढच्याच आठवड्यात कपाटाच्या उघड्या दारावर त्यांचं कपाळ आपटलं. दार त्यांच्या शेजारीच उघडं होतं. तेव्हा मात्र ती घाबरली आणि त्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली.

अंधाऱ्या खोलीत बाबांची हनुवटी यंत्रावर टेकवली, हातात बटण दिलं. आत कुठेही ठिपका चमकला की दाबायचं. ती दारापाशी उभी राहून ऐकत होती. टक, टक, टक. मग आवाज थांबला. झाली वाटतं तपासणी, म्हणून ती पुढे आली. तंत्रज्ञाने हातानेच तिला थांबवलं. यंत्र चालू होतं. ठिपके येत होते, बाबा शांत बसले होते.

डॉक्टरीणबाईंनी निकाल दोनदा पाहिला. "आजोबा, थेंब रोज घालता ना?"

"घालतो की. दिवसाआड."

"दिवसाआड? कुणी सांगितलं?"

बाबांचा चेहरा खुलला. "सांगायला कशाला हवं? आमच्याकडे सगळं निम्म्यात भागतं. सूनबाईची शिस्त आहे. बाटली दोन महिने पुरवतो मी," ते म्हणाले.

ती खुर्चीत बसली. तक्रार केली असती, टोमणा मारला असता, तर तिला सोसलं असतं. हा माणूस तिचं कौतुक करत होता.

"गेलेली नजर परत येत नाही," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "समोरचं राहिलंय. कडेचं बरंचसं गेलं. आता आहे ते तरी सांभाळायचं. रोज, न चुकता."

बाबांना नीट कळलं नसावं. वाटेत ते तिला विचारत होते, "बाटलीची किंमत वाढली का गं?" औषधाच्या दुकानात तिने किंमत न विचारता दोन बाटल्या घेतल्या.

त्या रात्री थेंब तिनेच घातले. पहिला थेंब नेम चुकून गालावर ओघळला. बाबांनी घाईघाईने बोटाने तो टिपला. "वाया गेला बघ," ते म्हणाले, जणू चूक त्यांचीच. "राहू दे, आता उद्या."

"उद्या नाही, बाबा," ती कशीबशी म्हणाली आणि दुसरा थेंब बरोबर डोळ्यात सोडला. मग दुसऱ्या डोळ्यात. झाकण लावलं आणि त्यांच्या शेजारीच पलंगावर बसून राहिली. रडू आवरेना, पण आवाज करायचा नव्हता.

थोड्या वेळाने बाबांनी डोळे उघडले, समोर दाराकडे पाहिलं.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली, "गेलीस का झोपायला?"