मेंढरांत मावणारा कॅमेरा

"त्ये तीन पायाचं तुमच्यापाशीच ठिवा दादा. मेंढराला चार पाय, मला दोन. त्यात अजून तीन कुठं मिसळू?"

अयोध्या धाराशिवच्या एका फोटो स्टुडिओत काउंटरवर कोपरं टेकून उभी होती. समोर स्टुडिओचा मालक इंद्रजित. लग्नाचे फोटो काढून पोट भरायचं आणि सुट्टी मिळाली की पाखरांमागं रानोमाळ हिंडायचं, असा माणूस. वापरलेले कॅमेरे घ्यायचा, विकायचाही. त्यानं मोठ्या हौसेनं ट्रायपॉड उघडून त्यावर सहाशे एमएमची लेन्स चढवली होती. लेन्स कसली, दुधाची किटलीच.

"अक्का, पक्षी लांब असतो. तेवढ्या लांबचं ओढून आणायचं तर लेन्स मोठी पाहिजे. मोठी लेन्स हातात हलते. म्हणून स्टँड."

"लांब तुमाला असतंय. मला न्हाय."

दाराजवळ बाकड्यावर तिचा नवरा रामहरी बसला होता. तो म्हणाला, "घे की. तू स्टँड उचल, म्या लेन्स उचलतो. मेंढरं आपली आपण घरला येतील."

अयोध्या बोलत होती ते फुशारकीचं नव्हतं. जळकोटच्या माळावर ह्या नवराबायकोची सव्वाशे मेंढरं. उन्हाळा लागला की शहरातली पक्षी बघणारी मंडळी तिथं यायची. गाडी लांब लावायची, ट्रायपॉड खांद्यावर टाकून वाकत वाकत पुढं सरायचं, आणि धाविक नावाचं ते विटकरी छातीचं, काटकुळ्या पायाचं पाखरू त्यांच्याकडं एकवार बघून तुरुतुरु पळत सुटायचं. तेच पाखरू मेंढरं आली की जागचं हलत नसे. खुरांनी उडालेले किडे टिपत कळपाबरोबर चालायचं. मेंढरांत अयोध्या असली तरी त्याला फरक पडत नव्हता. त्याच्या लेखी तीही एक मेंढीच.

गेल्या साली कुमार नावाच्या एका मास्तरनं वैतागून आपला कॅमेराच तिच्या हातात दिला. "तुम्हालाच जवळ येऊ देतंय ते, तर तुम्हीच काढा," म्हणाला. बटण कुठलं दाबायचं एवढंच तिनं विचारलं. दिवस मावळताना मास्तर ते फोटो बघत उकिडवा बसला तो बसलाच. तिथून हिच्या डोक्यात कॅमेरा शिरला.

तिच्या भावकीत एक रीत आहे. लग्नात बाप लेकीला एक मेंढी आंदण देतो. त्या मेंढीची पैदास लेकीची, तिच्यावर सासरचा हक्क नाही. कानाला वेगळी खूण असते. अयोध्यानं त्या खुणेची चार जनावरं विकली आणि एस्टीत बसून धाराशिवला आली. चूक झाली तर माहेरचं आंदण गेलं, आणि वर भावकीचं हसू.

म्हणून तिनं झोळी बरोबर आणली होती. रानात मेंढी व्याली की कोकरू जिच्यात घालून आणतात ती झोळी. सहाशेची लेन्स तिनं झोळीत टाकली, खांद्याला अडकवली आणि जागेवर दोन उड्या मारल्या.

"ह्ये जुळं झालं," म्हणाली आणि काढून ठेवली.

मग इंद्रजितनं जरा नाराजीनंच चारशेपर्यंतची जुनी झूम लेन्स काढली. कॅमेऱ्याला जोडून दिली. तिनं ती झोळीत घातली, चप्पल स्टुडिओच्या पायरीवर सोडली आणि रस्त्यानं पळत सुटली. चौकातला रिक्षावाला आ वासून बघत राहिला. परत आली तेव्हा दम लागला होता, पण खांदा मोकळा होता.

"ह्ये एकुलतं. चालंल."

मग तारेवरच्या चिमणीवर धरून बघितलं. डोळ्याला लावल्यापासून चिमणी स्वच्छ दिसेपर्यंत किती वख्त जातो, ते ती मनात मोजत होती. मग विचारलं, "आवाज किती करतंय?" मग, "धुरळ्यानं मरतंय का?" मग, "ह्याला दाणापाणी काय, अन् एकदा खाल्लं की किती टाइम चालतंय?" इंद्रजित एकेकाचं उत्तर देत गेला. एरवी गिऱ्हाईक येतं ते मेगापिक्सेल किती म्हणून विचारतं. दिवसभर रानात चालायचंय हे धरून विचारणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

"पर रंग पांढरा हाय," ती म्हणाली. "माळावर पांढरा फकस्त बगळा. असू द्या, घोंगड्याचा तुकडा गुंडाळते."

इंद्रजितनं तिला आठ दिवसांची मुदत दिली. जमलं नाही तर आणून द्या, पैसे परत, तक्रार नाही. रामहरीनं एस्टीत आपली एक अट वर घातली. "ह्या नादात एक जरी मेंढरू चुकलं, तर आठवा दिस बघायचा न्हाय. दुसऱ्या दिशी परत."

"न्हाय चुकणार," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी गावातल्या हिंमतरावांच्या पडीक रानात तिला धाविकाची जोडी दिसली, आणि जोडीच्या मागं एक पिल्लू. मातीचा खडा चालतोय असं पिल्लू. जमिनीसरशी पालथं पडल्याशिवाय त्याचा डोळा दिसायचा नाही, आणि पालथं पडलं की लेन्सला खाली काहीतरी आधार पाहिजे. तिनं घोंगड्याच्या फाटक्या तुकड्याची उशीएवढी पिशवी शिवली. आधी लोकर भरली. घरची, फुकटची. लेन्स ठेवली की चिखलात पाय जावा तशी आत जायची. मग तिनं ज्वारी भरली. लेन्स अशी बसली की जणू पाटावर नवरदेव.

चौथ्या दिवशी सकाळी ती मेंढरांच्या मधोमध पालथी पडली. धाविक पंधरा पावलांवर आला. दहा पावलांवर आला. बोट बटणावर गेलं, आणि कळपातल्या थोरल्या एडक्याला ज्वारीचा वास लागला. त्यानं पिशवीला अशी धडक दिली की शिवण उसवली. दाणे सांडले. दाणे बघून पन्नास मेंढरं एकाच जागी तुटून पडली. अयोध्या कॅमेरा पोटाशी धरून गुडघ्यावर उठली तोवर सगळा धुरळा झाला होता, पाखरं गेली होती आणि बुजलेली तीन मेंढरं ओढ्याकडं पळाली होती. ती हाती लागायला दुपार झाली.

सासू धुरपदाबाई हसून हसून खोकली. "मेंढरामागं जल्म गेला गं तुझा, अन् पिशवीत जवारी भरलीस व्हय?"

रामहरी हसला नाही. "चुकली का न्हाय मेंढरं? उद्याच्या एस्टीनं परत."

"चुकली न्हायत, पांगली. चुकल्यालं घावत न्हाय. ही घावली."

"शब्दात नको पकडू."

"शब्द तुमीच दिलाव. चुकलं तर म्हणलाव. मोजा की, सव्वाशे हायेत का न्हाय."

त्यानं खरंच उठून मोजली. सव्वाशे होती. "आठव्या दिसापतुर," म्हणाला. "मंग बोलायचं न्हाय."

आता भरायचं काय हा घोर. वाळू बघितली, पण तिचे कण लेन्सच्या फटीत शिरायला लागले. करडई नको, हुलगे नकोत. खायचं म्हटलं की एडका आलाच. शेवटी चिंच फोडल्यावर उरलेल्या चिंचोक्यांचं माळ्यावरचं बोचकं तिला आठवलं. चिंचोका कोरडा, कडक, वासाचा नाही. गुळगुळीत असल्यानं एकमेकांवर सरकतो आणि लेन्सच्या अंगाबरोबर आकार धरतो. कुडकुड वाजायचा, म्हणून तिनं पिशवीला आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं. तयार पिशवी एडक्याच्या नाकासमोर धरली. त्यानं हुंगली आणि तोंड फिरवलं.

पाचवा, सहावा दिवस पाखरं दिसलीच नाहीत. सातव्या दिवशी रविवार. रस्त्याच्या कडेला इंद्रजित आणि त्याच्याबरोबरचे दोघं ट्रायपॉड लावून उभे होते. त्यांना लांबून दिसत होतं ते एवढंच, मेंढरं, आणि मेंढरांत कुठंतरी पडलेलं एक घोंगडं.

दहाच्या सुमाराला ऊन चढलं. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहिली. अयोध्या पिशवीवर लेन्स टेकवून पडून होती, कोपराखाली सराटे रुतत होते. धाविक आला. मागून पिल्लू आलं. उघड्या मातीवर पाय भाजत असावेत, ते थबकलं, इकडं तिकडं बघितलं आणि चालत येऊन एका मेंढीच्या पुढच्या पायाच्या सावलीत बसलं. धाविक शेजारी उभा राहिला. खूर, पिल्लू, पाखराचे काटकुळे पाय, सगळं एका रेषेत. अयोध्यानं श्वास सोडला आणि बटण दाबलं. मेंढी हलली नाही.

पाखरं आपणहून निघून गेल्यावर ती उठली. इंद्रजित हातानं विचारत होता, मिळालं का? तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही. आधी मेंढरं मोजली. सव्वाशे. मग कॅमेऱ्याच्या मागं डोळा लावला.

इंद्रजित पळत आला. त्या एवढ्याशा पडद्यावर त्यानं फोटो बघितला, मोठा करून बघितला. पिल्लाच्या डोळ्यात मेंढीचं पोट दिसत होतं. मग तो म्हणाला, "अक्का, मी नऊ वर्षं ह्या माळावर येतोय."

"व्हय, बघते की. रस्त्यावर उभं ऱ्हाताव."

"हा मी दुकानात लावू का? मोठा करून?"

"लावा. खाली नाव माझं टाका. म्होरं जळकोट टाका."

तेवढ्यात रामहरी ओढ्याकडनं आला. त्यानं कॅमेरा हातात घेतला, पडद्यावर सावली धरली. "ही आपली मोरी मेंढी," म्हणाला. "खूर बघ. डावं नख चिरल्यालं हाय."

"मंग? उद्या एस्टी धरायची का?"

"एस्टीचं काय एवढं," तो म्हणाला. "पावसुळ्यात ह्याला कुठं ठिवायचं त्ये बग आदी. आपल्या पत्र्यात तर सगळं गळतंय."

गालावर चिकटलेली माती तिनं पदरानं पुसली, पिशवी झटकली, कॅमेरा झोळीत घातला. मोरीला धरून पाय वर घेतला, चिरलेल्या नखात अडकलेला खडा काठीच्या टोकानं काढला आणि तिला ढकललं. मेंढरांना पाणी दाखवायची वेळ होऊन गेली होती. तिनं तोंडानं च्यक्‌ च्यक्‌ केलं, पुढचा एडका वळला, आणि सव्वाशेच्या सव्वाशे तळ्याच्या वाटेला लागली.