पुण्यस्मरणाच्या फ्लेक्सवर प्रेमाची कविता

आज माझ्या नवऱ्याला जाऊन एक वर्ष झालं, आणि मी त्याच्यावर प्रेमाची कविता लिहिली आहे.

दुःखाची नाही. प्रेमाची. नीट वाचा.

आसगावच्या बसस्टॉपवर सकाळपासून तिचा फ्लेक्स लागला आहे. अर्धं गाव वाचून गेलं, उरलेलं संध्याकाळपर्यंत वाचेल. जे गावात नाहीत त्यांच्यासाठी ही पोस्ट.

नवीन फ्रेंड्ससाठी सांगते. मी वनिता. माहेर लाखांदूर, सासर आसगाव. घरची धानाची शेती, आणि माझं ब्लाऊज शिवायचं दुकान.

नवऱ्याचं नाव मोरेश्वर.

हे नाव मी असं उघड लिहिते, त्यावरूनच आधी बवाल झाला होता.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेते ते फक्त उखाण्यात. तेही बायांनी धरून बसवल्यावर. एरवी "अजी, ऐकता का" एवढंच. घरात मीही "अजी"च म्हणायची.

पण कवितेत "अजी" बसेना बाप्पा! तिथे मला तो "तू"च हवा होता, आणि नावासकट हवा होता.

लग्नानंतरच्या दुसऱ्या रोवणीत, दिवसभर चिखलात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावून घरी आले, लिहिलं, आणि सरळ फेसबुकवर टाकलं (धुरा म्हणजे शेताचा बांध, बांधी म्हणजे धानाचं खाचर):

तू धुऱ्यावर उभा राहिला का
पऱ्हे हातातच राहतात, मोरेश्वर
बाया हासतात, म्हणतात
हिची बांधी आज काही होत नाही

झालं! दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात गेले तर सगळे माझ्याकडे बघून गालात हसत होते.

सासूबाई तर तापल्याच. "काहून वो, नवऱ्याचं नाव असं चावडीवर मांडते? तुह्या सासऱ्याचं नाव मी आजपर्यंत तोंडातून काढलं नाही. तो मेला तरी नाही काढलं!"

मला वाटलं, मोरेश्वर पोस्ट डिलीट करायला सांगेल.

तो म्हणाला, "मस्त आहे. पण मी काही एवढा वेळ धुऱ्यावर उभा नाही राहत. लोकाईले वाटन, हा काम नाही करत."

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरली. भरदुपारी दंडार, आमचं गावचं लोकनाट्य, रंगली होती. मध्ये जरा ब्रेक झाला, तर हा गडी स्टेजवर चढला आणि माईक हातात घेतला.

"माह्या बायकोनं माह्यावर कविता लिहिली. तुमच्या लिहितात का?"

आणि अख्खी वाचली. नावासकट.

काय शिट्ट्या पडल्या! बायांच्या रांगेत सासूबाई तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या. मी खुर्चीखाली जागा शोधत होते.

तेव्हापासून साहेब ऑर्डर द्यायला लागले. "नवा शर्ट घेतला, एखादी होऊन जाऊ दे." लिहून दिली की वर तक्रार, "यात मी हँडसम नाही दिसून राहिलो."

मागच्या वर्षी सकाळी शेतावरून आला आणि छातीत दुखतं म्हणाला. पवनीच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला.

त्याबद्दल इतकंच. त्याला रडकं वाचायचा कंटाळा होता.

वर्षभर लोक मला समजावत आले. आता हे असलं लिहिणं शोभत नाही. लिहायचंच तर देवाधर्माचं लिही. अगदीच राहवलं नाही तर विरहाचं लिही, पण जरा मर्यादेत.

मी ऐकून घेत होते, आणि आतून घाबरत होते. लोकांचं ऐकून मी एकदा का त्याला "कैलासवासी" लिहिलं, की माझा "तू" कायमचा गेला. मग माझ्याकडे त्याचं काहीच उरत नाही.

परवा माझा दीर दिनेश पुण्यस्मरणाच्या फ्लेक्सचं डिझाईन मोबाईलवर घेऊन आला. फोटो, दोन पणत्या, भावपूर्ण श्रद्धांजली, शोकाकुल समस्त परिवार.

मी म्हटलं, "भाऊजी, मजकूर मी देते." आणि कविता दिली.

त्याने वाचली. "वहिनी, पुण्यस्मरणाच्या बोर्डावर प्रेमाची कविता? अन् 'तू' म्हणून? लोक काय म्हणतीन?"

"मंडईत याच लोकांनी शिट्ट्या वाजवल्या होत्या."

"तेव्हा भाऊ होता, वहिनी."



सासूबाई बाजूला तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. म्हणाल्या, "वाचून दाखव."

मी वाचली.

रोवणी सुरू झाली, मोरेश्वर
धुऱ्यावर कोनी उभं नाही
तरी पऱ्हे हातातच राहतात
बाया आता हासत नाहीत
तू हास

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग दिनेशला म्हणाल्या, "हेच लाव. माह्या पोरानं सगळ्या गावासमोर वाचली होती. तो नाही लाजला, तं आपन कायले लाजाचं?"

दिनेशने डिझाईनमधून पणत्या काढल्या.

आज सकाळी सासूबाई माझ्यासोबत बसस्टॉपवर आल्या. फ्लेक्ससमोर उभं राहून पुन्हा एकदा वाचायला लावली. येणारे-जाणारे थांबले. मी मोठ्याने वाचली, अजिबात अडखळले नाही.

घरी परतताना त्या हळूच म्हणाल्या, "वनिता, तुह्या सासऱ्यावर एक लिहून देशीन?"

"देते ना आई."

"त्यात नाव टाकजो."

सासऱ्यांचं नाव मला माहीत आहे. सातबाऱ्यावर आहे, घराच्या पाटीवर आहे. तरी मी विचारलं, "कोणतं नाव टाकू?"

त्यांनी मागे-पुढे रस्ता बघितला. पदर तोंडावर घेतला. मग तो स्वतःच खाली केला.

"कवडू," त्या म्हणाल्या.

आणि जरा थांबून पुन्हा एकदा म्हणाल्या, "कवडू."

मोरेश्वर, आज आधी तुझ्या बाबांची कविता. तुझी थोडी थांबेल.

राम राम, अजी.